'सर्व कर्मचारी वर्गाचे आभार' म्हणजे नेमके कुणाकुणाचे?

गोव्यातल्या कुठल्याही मराठी दैनिकाचं आतलं पान उघडा, एखादं आभाराचं निवेदन हमखास दिसतं. घरातलं वडीलधारं माणूस गेलेलं असतं, किंवा मोठ्या दुखण्यातून उठलेलं असतं. खाली कुटुंबाचं नाव, साखळी, पेडणे, फोंडा असं गाव, आणि मजकुरात डॉक्टरांची नावं. शेवटी एक ओळ: 'तसेच परिचारिका व सर्व कर्मचारी वर्ग'. डॉक्टरांची नावं असावीतच. पण ऐंशी-पंच्याऐंशीच्या माणसाची वॉर्डातली काळजी जवळून पाहिलेल्या कुणालाही ठाऊक असतं की, त्या शेवटच्या ओळीतल्या माणसांच्याच हातांवर म्हातारं माणूस चोवीस तास असतं. डॉक्टर राउंडला येतात, निदान करतात, औषध लिहितात. ते औषध ठसका न लागता पोटात जाणं, पाठीची कातडी शाबूत राहणं, रात्री दोन वाजता घाबरून उठलेल्या माणसाला आपण कुठे आहोत ते कुणीतरी सांगणं, हे सगळं त्या ओळीचं काम. आभार मनापासून मानायचे तर ते काम काय असतं हे घरच्यांना कळायला हवं, असं मला फार वाटतं.

सुरुवात पाठीपासून करावी लागते, कारण म्हाताऱ्या माणसाचा जीव पुष्कळदा मूळ आजारापेक्षा पाठीवरच्या जखमेनं टेकीला येतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं वजन माकडहाड, टाचा, खुब्याचं हाड, खांद्यामागचं हाड आणि डोक्याची मागची बाजू अशा मोजक्याच ठिकाणी येतं. तिथली कातडी हाड आणि गादी यांच्यामध्ये दाबली जाते, रक्तपुरवठा तुटतो, आणि काही तासांत आतलं मांस मरायला लागतं. वर दिसतो तो फक्त लालसर डाग. अनुभवी सिस्टर त्या डागावर बोट दाबून उचलते. जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर अजून वेळ गेलेली नाही. दाबूनही लाल तशीच राहिली तर जखम सुरू झाली असं धरायचं. सावळ्या कातडीवर हा लाल रंग नीट दिसत नाही. तिथे आजूबाजूपेक्षा काळपट-जांभळी झाक, हाताला लागणारी ऊब किंवा कठीणपणा यांवरून ओळखावं लागतं. ही नजर पुस्तकातून येत नाही, शेकडो पाठी पाहून येते.

यावर उपाय एकच, दर दोन तासांनी कूस बदलणं. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात माणसाखाली खांद्यापासून मांड्यांपर्यंत पोचेल अशी एक आडवी चादर घातलेली असते. दोघीजणी दोन बाजूंनी ती गुंडाळून अंगाजवळ घट्ट धरतात, एक-दोन-तीन म्हणत माणसाला उचलतात आणि सरकवतात. ओढत नाहीत. ओढलं की गादीला चिकटलेली म्हातारी, कागदासारखी कातडी तिथेच राहते आणि आतलं मांस पुढे सरकतं, मग जखम बाहेरून न दिसता आतून होते. कुशीवर वळवल्यावर माणूस पुरता आडवा ठेवायचा नाही, कारण मग सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी लावून साधारण तीस अंशांचा कल द्यायचा. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, पोटऱ्यांखाली उशी, आणि टाचा गादीला न टेकता तरंगत्या. हवेची गादी असली तरी हे चुकत नाही. गादीमुळे दाब कमी होतो, संपत नाही. वीस-पंचवीस खाटांच्या वॉर्डात रात्रपाळीला जेव्हा दोन-तीनच सिस्टर असतात, तेव्हा दर दोन तासांनी हे करणं म्हणजे किती उठबस होते त्याचा हिशेब घरच्यांनी एकदा मनातल्या मनात करून पाहावा.

इथे घरचे प्रेमापोटी दोन चुका करतात. लाल झालेल्या जागेवर खोबरेल तेल चोळतात. चोळल्यानं आधीच दुखावलेलं मांस आणखी फाटतं, म्हणून तिथे हात लावायचा नाही, फक्त दाब काढायचा. दुसरी चूक म्हणजे मध्ये भोक असलेली रबरी रिंग. तिच्या कडेनं रक्तपुरवठा गोलाकार दाबला जातो आणि मधली जागा आणखी उपाशी राहते. शिवाय आपल्याकडचा दमटपणा आहेच. पावसाळ्यात चादरी वाळत नाहीत, डायपरखाली घाम साचतो, जांघेत आणि स्तनांखाली बुरशी धरते. तिथे टाल्कम पावडर फासली की तिचे ओले गोळे होऊन घासतात. कोमट पाण्यानं पुसणं, टिपून कोरडं करणं आणि झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर देणं, हे सकाळचं काम वॉर्डातल्या मदतनीस मावशी करतात. निमूटपणे आणि पडदा ओढून. तो पडदा ओढणं मला औषधाइतकंच मोलाचं वाटतं. जन्मभर अंगभर पातळ नेसलेल्या बाईला परक्यांनी उघडं करावं लागतं, तेव्हा एका वेळी अंगाचा एकच भाग उघडा ठेवून बाकीचा चादरीनं झाकणारी मावशी त्या बाईची लाज राखत असते.

मग पेज. गोव्यात आजारी माणसाला पहिलं काय द्यायचं हे कुणाला विचारावं लागत नाही. उकड्या तांदळाची पेज, चवीला मीठ. पण अर्धांगाचा झटका आलेल्या किंवा फार थकलेल्या माणसाची गिळण्याची क्रिया मंदावलेली असते, आणि अशा वेळी पेजेची पातळ निवळ भातापेक्षा जास्त धोक्याची ठरते. पातळ पदार्थ जिभेवरून भर्रकन घसरतो, श्वासनलिकेचं झाकण वेळेत मिटत नाही, आणि चमचाभर पेज फुप्फुसात उतरते. दोन दिवसांनी ताप येतो आणि छातीत न्यूमोनिया निघतो. वॉर्डात भरवण्याची पद्धत म्हणून ठरलेली असते. पाठ शक्य तितकी सरळ, मान किंचित पुढे झुकलेली, हनुवटी छातीकडे. चहाचा चमचा, तोही अर्धा ते पाऊण. चमचा तोंडात गेला की गळ्याची घाटी वर उचलून खाली आलेली पाहायची, म्हणजे गिळलं. मगच दुसरा घास. मध्येच एखादा शब्द बोलायला लावायचं. आवाज ओला, घरघरता आला तर थांबायचं. झटक्यानं गाल लुळा पडला असेल तर त्या बाजूला घास साठतो, तो शेवटी बोटानं किंवा ओल्या कापसानं काढायचा. खाणं झाल्यावर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही.

इतक्या सावकाश एक वाटी पेज भरवायला अर्धा तास सहज जातो. नाकातल्या नळीनं तेच काम पंधरा-वीस मिनिटांत उरकतं, तरीही माणूस गिळू शकत असेल तर चमच्यानंच भरवत राहणाऱ्या सिस्टर आहेत. नळी लागलीच तर तिचीही रीत आहे. डोकं तीस ते पंचेचाळीस अंश वर. नाकपुडीपाशी केलेली खूण हलली नाही ना ते दर वेळी पाहायचं. आधी आणि नंतर वीस-तीस मिलीलिटर पाणी. एका वेळी दोनशे-अडीचशे मिलीलिटरपेक्षा जास्त नाही, आणि सिरिंजचा दट्ट्या न दाबता उंचीवरून आपोआप उतरू द्यायचं. पेज दोनदा गाळलेली हवी, कारण एका शितानं नळी बंद पडते आणि मग नाकातून पुन्हा नवीन नळी घालण्याचा त्रास त्याच जिवाला. गोळ्या कुटून नळीतून देतानाही सगळ्याच कुटायच्या नसतात. हळूहळू विरघळणारी गोळी कुटली की दिवसभराचं औषध एका क्षणात अंगात जातं. म्हणून औषधं घरच्यांनी परस्पर देऊ नयेत.

शहाळ्याबद्दलही इथेच सांगायला हवं. भेटायला येणारा प्रत्येकजण शहाळं आणतो, आपल्याकडे ती मायेची खूणच आहे. पण त्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. मूत्रपिंड अधू झालेल्या माणसाला, किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असताना, ते अंगात साचून हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. सिस्टर 'नको' म्हणाली तर ती कोरडेपणानं म्हणत नाही.

संध्याकाळ हा वॉर्डातला सगळ्यांत अवघड वेळ. दिवसभर शांत असलेलं माणूस दिवे लागले की बदलतं. सलाइन ओढतं, 'मला घरी न्या, गोठ्यात गाय ओरडतेय' म्हणतं, मुलालाच ओळखत नाही. जुनी माणसं म्हणतात वात झाला. डॉक्टर डिलिरियम म्हणतात. घरच्यांना वाटतं बुद्धी कायमची गेली. बहुतेक वेळा तसं नसतं. एक-दोन दिवसांत अचानक आलेला, कमीजास्त होणारा असा हा गोंधळ असतो आणि त्यामागे शरीरातलं काहीतरी असतं. लघवीतला संसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, पाणी कमी पडणं, चार दिवस पोट साफ न होणं, एखादं नवं औषध. जाणती सिस्टर अशा वेळी झोपेच्या इंजेक्शनकडे धावत नाही. ती आधी बेंबीखाली हात ठेवून मूत्राशय तुंबलंय का ते पाहते, संडास कधी झाली ते विचारते, ऑक्सिजन आणि साखर बघते. चष्मा कुठे आहे, कानातलं यंत्र कुठे आहे, ते शोधते. डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येत नाही आणि समोर पांढऱ्या कपड्यांतली अनोळखी माणसं, अशा अवस्थेत कुणीही घाबरेल. याचा एक मुका प्रकारही असतो. माणूस आरडाओरडा करत नाही, नुसता पडून राहतो, जेवत नाही, हाकेला उशिरा 'ओ' देतो. सगळे म्हणतात आज बरं झोपले. तो फरक ओळखून डॉक्टरांना फोन करणाऱ्या सिस्टरनं एखाद्याचा जीव वाचवलेला असतो आणि घरच्यांना ते कधी कळतही नाही.

भाषेचा इथे मोठा आधार होतो. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात पेडण्या-सत्तरीची माणसं येतात, तशीच दोडामार्ग-सावंतवाडीची आणि कारवारची येतात. भ्रमातलं म्हातारं माणूस नंतर शिकलेल्या भाषा सोडून लहानपणीच्या बोलीवर जातं. अशा वेळी 'पेशंट कोऑपरेट करत नाही' एवढंच केसपेपरवर न लिहिता जी मुलगी खाटेच्या उशाशी वाकून 'आजो, खंय दुखता?' विचारते, तिला उत्तर मिळतं. पोर्तुगीज काळात मराठी शाळेत शिकलेल्या कितीतरी वृद्धांना आज काय वार ते आठवत नाही, पण पावकी-निमकी अजून तोंडपाठ असते. पाढा म्हणत म्हणत हाताला पट्टी बांधून घेणारी माणसं वॉर्डात दिसतात. सकाळी खिडकी उघडणं, तारीख सांगणं, वर्तमानपत्राचा मथळा वाचून दाखवणं, रात्री रक्त तपासायचं असेल तर ते पहाटेच्या औषधांबरोबर घेऊन झोप न मोडणं, हीसुद्धा उपचाराचीच कलमं आहेत.

गोव्याला इस्पितळांचा वारसा जुना आहे. १८४२ साली पणजीत सुरू झालेली वैद्यकीय शाळा आशियातल्या सर्वांत जुन्या शाळांमध्ये गणली जाते, आणि तिचंच पुढे गोवा मेडिकल कॉलेज झालं. त्याही आधी, १६०८ मध्ये, पिरार द लाव्हाल हा फ्रेंच प्रवासी आजारी अवस्थेत जुन्या गोव्याच्या राजेशाही इस्पितळात पोचला. तिथल्या काळजीची त्यानं मनापासून वाखाणणी केली आहे. ते इस्पितळ पोर्तुगीज सैनिकांसाठी होतं, आपल्या गावकऱ्यांना तिथे जागा नव्हती, हे विसरता येत नाही. पण त्यानं काय नोंदवलं ते पाहण्यासारखं आहे: स्वच्छ अंथरूण-पांघरूण, चिनी मातीची ताटं. आजच्या रुग्णाच्याही मनात तेच राहतं.

२०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढच्यांचं प्रमाण ८.६ टक्के होतं, गोव्यात ते ११.२ टक्के. मुलं आखातात, मुंबई-बंगळूरला किंवा जहाजावर. खाटेजवळ बसलेली बायको स्वतः पंच्याहत्तरीची असते, तिचेच गुडघे दुखत असतात. आपल्या वॉर्डात सिस्टर आणि मावशींवर येणारा भार या आकड्यांतून येतो. तो हलका करण्याइतपत मदत घरचे करू शकतात. विचारपूस करायला एकच माणूस ठरवावा, दर तासाला वेगळ्या नातेवाइकानं तोच प्रश्न विचारू नये. चालू औषधांची यादी, ॲलर्जी, आणि माणूस एरवी कसा असतो, म्हणजे स्वतः चालतो का, नावं ओळखतो का, रात्री किती वेळा उठतो, हे एका कागदावर लिहून द्यावं. 'एरवी कसा' हे माहीत नसेल तर आजचा फरक सिस्टरला कळणार कसा? कवळी कागदी रुमालात गुंडाळून ठेवू नये. ती ताटाबरोबर कचऱ्यात जाते. झाकणाच्या डबीत, पाण्यात, वर नाव. लघवीची पिशवी खाटेवर ठेवू नये आणि जमिनीला टेकवू नये. ती मूत्राशयाच्या पातळीखाली टांगलेली हवी, नाहीतर लघवी उलटी फिरते. आणि डॉक्टरांना 'कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, आता काढता येईल का' हे रोज विचारावं.

घरी सोडण्याचा दिवस घाईचा असतो. तरी कागद हातात घेण्याआधी घरच्यांनी सिस्टरसमोर एकदा कूस बदलून, एकदा भरवून, एकदा पिशवी रिकामी करून दाखवावी. नुसतं 'कळलं' म्हणू नये. जुन्या गोळ्यांची पिशवी बरोबर आणावी. एकच औषध दोन कंपन्यांच्या दोन नावांनी घरात असतं, दोन्ही दिलं जातं, रक्तदाब कोसळतो, आणि म्हातारं माणूस पहाटे न्हाणीघराच्या वाटेवर पडून खुबा मोडून घेतं. उठवताना आधी खाटेच्या कडेला पाय खाली सोडून दोन-तीन मिनिटं बसवावं, मग उभं करावं. ड्रेसिंगसाठी दर वेळी बांबोळीपर्यंत हेलपाटा घालायची गरज नसते, जवळच्या आरोग्य केंद्रात ते होतं. तशी चिठ्ठी मागून घ्यावी.

कधी घरी जाणं होत नाही. त्याबद्दलही मोकळेपणानं बोलायला हवं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य करून वैद्यकीय इच्छापत्राला वाट दिली, २०२३ मध्ये त्याच्या अटी सोप्या केल्या. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे तत्कालीन न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र नोंदवलं. गोव्यातलं ते पहिलं. आपल्याला काय हवं, काय नको, हे वडीलधाऱ्यांनी शुद्धीवर असताना सांगून ठेवलं तर मुलांवर आयसीयूच्या दाराशी भांडायची पाळी येत नाही. आणि उपचार थांबले तरी काळजी थांबत नाही. ओठ ओले ठेवणं, श्वासाची घरघर कमी व्हावी म्हणून कुशीवर ठेवणं, धाप लागली तर मॉर्फिनची लहान मात्रा, निरर्थक सुया बंद. प्राण गेल्यावर अंग ताठरायच्या आत नळ्या काढतात, पापण्या मिटतात, चेहरा पुसतात, कवळी पुन्हा तोंडात बसवतात. ती बसवली नाही तर गाल आत जातात आणि नातवंडांना आजोबांचा चेहरा ओळखीचा वाटत नाही. हे करणाऱ्या हातांना त्या क्षणी कुणी पाहत नसतं. घरच्यांना आत बोलावलं जातं ते सगळं आवरल्यावर.

आभारासाठी पेढ्याचा बॉक्स नेला जातो, तो सगळ्यांच्या तोंडी लागत नाही आणि रात्रपाळीपर्यंत उरतही नाही. पाकीट तर नकोच, सरकारी इस्पितळात ते देणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याला अडचणीत आणतं. त्यापेक्षा वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे साधं पत्र लिहावं, प्रत नर्सिंग अधीक्षकांना. वॉर्ड, तारखा, पाळी, आणि काय केलं ते नेमकं लिहावं: 'चोवीस दिवस अंथरुणात असूनही पाठीला जखम झाली नाही' हे वाक्य 'उत्तम सेवा मिळाली' यापेक्षा कितीतरी पटीनं बोलतं. कंत्राटी मावशी आणि सफाई कामगारांची नावं विचारून घेऊन आवर्जून घालावीत, त्यांच्या कामाची लेखी नोंद सहसा कुठेच नसते. गणेशचवथीच्या दिवशी ज्यांनी ड्युटी केली त्यांचं नाव तर नक्कीच. घरातल्या धडधाकट माणसांनी रक्तपेढीत रक्त द्यावं. न फोडलेली डायपरची पाकिटं वॉर्डात विचारून द्यावीत. हवेची गादी माळ्यावर टाकू नये, दमट हवेत वर्षभरात तिच्या घड्या चिकटतात. ती साबणाच्या पाण्यानं पुसून, सावलीत पूर्ण वाळवून, पंप जोडून रात्रभर फुगवून ठेवावी. सकाळी एखादी नळकांडी बसलेली असेल तर पॅच लावावा, पंपाचा फिल्टर झटकावा, आणि वॉर्डातल्या समाजसेवकाला फोन करून विचारावं, आता कुणाला हवी आहे.